नॅशनल हरिकेन सेंटरची वेबसाइट: बडोद्यातून टॅम्पाची वादळं बघणाऱ्याचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेचार स्टार)

आधीच सांगून टाकतो, मी हवामानातला जाणकार वगैरे कोणी नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशेब लिहिले आणि आता दांडिया बाजारातल्या घरी आईबरोबर बसून फोन बघतो. पण ताई आणि भावजी फ्लोरिडात, टॅम्पाला, आणि अटलांटिकमधली वादळं बघायची म्हणून जे काही मिळतं ते सगळं माझं वापरून झालंय, फुकटचं पण आणि पैसे भरून पण, तर ज्यांचं कोणी तिकडे आहे (आणि बडोद्यात कोणाचं नाहीये!) त्यांच्यासाठी लिहितोय.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये काळजी करायची पाळी ताईची होती. आपल्याकडे ते डीप डिप्रेशन (खोल कमी दाबाचं क्षेत्र) येऊन बसलं, विश्वामित्री धोक्याच्या खुणेच्या कितीतरी वर गेली, मगरी सोसायट्यांमध्ये फिरत होत्या आणि ताई तिकडून दर दोन तासांनी फोन करून विचारायची, पाणी ओटल्यापर्यंत आलं का, आईची औषधं आहेत का. तेच डिप्रेशन पुढे कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं असना चक्रीवादळ झालं, ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ म्हणजे १९७६ नंतर पहिलंच. याला महिना होत नाही तोवर २६ सप्टेंबरला तिकडे हेलेन नावाचं वादळ आणि त्यानंतर दोन आठवड्यांत मिल्टन. मग आमची पाळी.

हेलेनच्या वेळी मी घाबरून एक ॲप विकत घेतलं. नाव घेत नाही, उगाच भांडण नको. वर्षाचे चौदाशे नव्व्याण्णव कापले, ट्रायल सात दिवसांची लिहिलेली पण पैसे पहिल्याच दिवशी गेले. उघडलं की अख्खा फ्लोरिडा लालभडक आणि वर फिरणारं चक्र, त्याला आवाज पण होता, सायरनचा, जो बंद करायचं बटण मला आजतागायत सापडलेलं नाही. रात्री तीनला सायरन वाजला, आई उठून बसली, मी चष्मा लावून बघतो तर आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ काहीतरी ढगांचा पुंजका आणि खाली लिहिलेलं की तुमच्या जवळ वादळ आहे. आमच्या जवळ! दांडिया बाजारात! आईने देवघरात दिवा लावला तो सकाळपर्यंत विझू दिला नाही. मग दोन दिवसांनी त्याच ॲपमध्ये सगळ्यात खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, माहितीचा स्रोत म्हणून एनएचसी असं दिसलं, म्हणजे हे लोक सरकारी साइटवरचं फुकटचं उचलून वर लाल रंग आणि सायरन लावून विकतायत. एक स्टार, तो पण द्यावाच लागतो म्हणून.

तर ही एनएचसी म्हणजे नॅशनल हरिकेन सेंटर, मायामीला आहे, अमेरिकेच्या हवामानखात्याचंच एक ऑफिस. साइट उघडली की पहिल्यांदा वाटतं आपण चुकून रेल्वेच्या जुन्या एन्क्वायरीच्या पानावर आलो. निळी पट्टी, बारीक बारीक लिंका, एक नकाशा. आमचा भाचा हसतो, म्हणतो मामा हे तुझ्या वयाचं आहे. असू दे. नकाशावर काही नसेल तर स्वच्छ लिहिलेलं असतं की पुढच्या सात दिवसांत वादळ होण्याची शक्यता दिसत नाही. असेल तर पिवळा, केशरी, लाल. पिवळा म्हणजे ४० टक्क्यांपेक्षा कमी, केशरी म्हणजे ४० ते ६०, लाल म्हणजे ६० च्या वर. बस. सायरन नाही, चक्र नाही, तुमच्याजवळ नाही न माझ्याजवळ नाही.

वेळेचं आधी सांगतो कारण यात सगळे गोंधळतात. वादळ सुरू झालं की दर सहा तासांनी पूर्ण बुलेटिन निघतं, आणि ते ग्रीनिचच्या वेळेला बांधलेलं असल्यामुळे त्यांचं घड्याळ पुढेमागे झालं तरी आपल्याकडे वेळ बदलत नाही: सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटेचे अडीच. वादळ किनाऱ्याजवळ येऊन इशारे लागले की मधली छोटी बुलेटिन्स पण निघतात, ती साडेपाच आणि साडेअकराला. मी हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. बघा, दर पाच मिनिटांनी उघडून काही उपयोग नाही, नवीन काही तेव्हाच येतं, मधल्या वेळात जेवून घ्या.

आता कोन. या साइटचा जीव त्यात आहे आणि चुकीचं पण लोक तेच वाचतात. नकाशावर वादळाच्या आत्ताच्या जागेपासून पुढे पाच दिवसांचा एक पांढरा पट्टा निघतो, सुरुवातीला बारीक आणि पुढे पुढे फुगत जातो. आई पहिल्यांदा बघून म्हणाली, अरे हे तर मोठं मोठं होत चाललंय रे, ताईपर्यंत पोचेल तेव्हा केवढं असेल. मी पण तसंच समजत होतो खोटं कशाला बोलू. मग बरंच वाचल्यावर डोक्यात प्रकाश पडला आणि आईला मी मगरीवरून समजावलं. म्हटलं आई, कामाठीबागेच्या पुलावरून तू मगर बघतेस, ती बुडी मारते. एका मिनिटाने ती कुठे असेल, तर इथेच जवळपास, लहान गोल काढ. दहा मिनिटांनी? केवढा तरी मोठा गोल काढावा लागेल. म्हणजे मगर मोठी झाली का? नाही, आपल्याला माहीत नाही ते मोठं झालं. कोन म्हणजे तेवढंच, वादळाचं केंद्र कुठे कुठे असू शकेल त्याचा अंदाज, गेल्या पाच वर्षांत यांचे अंदाज किती चुकले त्याच्यावरून काढलेला. आणि तो पण साधारण तीनात दोन वेळाच खरा ठरतो, तिसऱ्या वेळी केंद्र कोनाच्या बाहेर जातं, हे ते स्वतःच लिहितात. मला हेच आवडलं. आपण किती चुकतो ते स्वतःच नकाशावर काढून दाखवणारं ऑफिस मी तरी दुसरं बघितलेलं नाही.

आई तरी म्हणालीच, मगरीला शेपूट असतं ना. बरोबर! कोनाच्या बाहेर आहात म्हणून सुटलात असं नाही. हेलेनमध्ये तेच झालं, केंद्र टॅम्पापासून लांब, समुद्रातून वर गेलं, किनाऱ्याला लागलं ते पार उत्तरेकडे, फ्लोरिडाच्याच बिग बेंड भागात, ताशी १४० मैल वाऱ्याने, पण टॅम्पाच्या खाडीचं पाणी चढलं ते ताईच्या गॅरेजमध्ये शिरलं, भावजींची हत्यारांची पेटी आणि इथून पाठवलेले लीलो चेवडोचे डबे पाण्यात. आणि मेली माणसं त्यातली बरीचशी कुठे, तर शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात, पुराने. कॅटेगरी एक ते पाच जे म्हणतात ना तो आकडा फक्त वाऱ्याचा, पाण्याचा त्यात काहीच हिशेब नाही, आणि मारतं बहुतेक वेळा पाणीच, हे बडोद्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाण्यासाठी साइटवर वेगळा नकाशा येतो, किनाऱ्यावर जमिनीपासून किती फूट चढू शकतं त्याचा. तो बघा. आणि अजून एक आहे, जोरदार वारा तुमच्या गावात लवकरात लवकर कधी सुरू होईल त्याचा, घर बंद करून निघायचं असेल तर कामाचा हाच.

मिल्टन गल्फमध्येच (मेक्सिकोच्या आखातात) तयार झालं, ५ ऑक्टोबरला, आणि उलट्या दिशेने पूर्वेकडे निघालं. इकडे नवरात्र सुरू. ७ तारखेला सकाळी साडेआठच्या बुलेटिनमध्ये कॅटेगरी एक होतं, म्हटलं ठीक आहे, आणि रात्री आमचं जेवण होईपर्यंत पाच झालं. पाच! मी फोन आईला दाखवलाच नाही. पहाटे अडीचला उठून बघितलं तर १८० मैल, म्हणजे ताशी २९० किलोमीटर, बाहेर गरब्याहून परत येणाऱ्या पोरापोरींचे आवाज, स्कूटरवर बसून कोणीतरी मोठमोठ्याने हसत होतं, आणि मी ओट्यावर बसून कोनाची मधली रेघ टॅम्पावर आहे ते बघतोय. ताईच्या झोनला घर सोडायला सांगितलं होतं, ते अटलांटाला निघाले, एरवीचं सात तासांचं अंतर, लागले चौदा, वाटेत पेट्रोल नाही.

त्या दोन दिवसांत मी ज्याच्यावर जगलो ते म्हणजे या साइटवरचं फोरकास्ट डिस्कशन. नकाशे सगळे बघतात, हे कोणी वाचत नाही आणि खरा माल इथे आहे. अंदाज काढणारा माणूस चार परिच्छेदात लिहितो की विमानाला आत काय सापडलं, कुठलं कॉम्प्युटर मॉडेल काय म्हणतंय, कुणाचं कुणाशी पटत नाहीये आणि मी मधला रस्ता का धरला. इंग्रजी जरा जड आहे, वारा नॉटमध्ये देतात (साधारण १.८५ ने गुणा, किलोमीटर मिळतात), पण दोनचार दिवसांत सवय होते. खाली अंदाज काढणाऱ्याचं नाव असतं आणि त्याच्या वर डॉलरची दोन चिन्हं. बायको म्हणाली हे पण पैसे मागतायत वाटतं. नाही, ती मजकूर संपल्याची खूण आहे, मला पण आधी धस्स झालं होतं.

विमानाचं म्हटलं तर ते पण सांगतो कारण आईला यातलं सगळ्यात जास्त तेच आवडतं. हे लोक वादळाच्या आत विमान घालतात. हवाई दलाची विमानं मिसिसिपीतल्या कीस्लरहून उडतात आणि नोआची (अमेरिकेचं समुद्र आणि हवामान बघणारं खातं) दोन जुनी पंख्यांची विमानं आहेत, कर्मिट आणि मिस पिगी नावाची, वादळाच्या डोळ्यातून आरपार जातात आणि नळीसारखं यंत्र खाली सोडतात, ते पॅराशूटवर उतरता उतरता वारा, दाब, ओल सगळं कळवतं. मिल्टनमध्ये मिस पिगी गेली तेव्हा आत सगळं सामान उडत होतं तो व्हिडिओ तुम्ही बघितला असेल. त्याच मिल्टनच्या डोळ्यात त्यांनी त्यांच्या एका वारलेल्या शास्त्रज्ञ सहकाऱ्याच्या अस्थी सोडल्या. आयुष्यभरात तो ३८६ वेळा वादळांच्या डोळ्यातून गेलेला, ही ३८७ वी खेप. मी आईला सांगितलं. आपण अस्थी चांदोदला, नर्मदेवर नेतो, आई म्हणाली, त्याचं चांदोद तिथे होतं. आणि मिल्टनला हात जोडले. ज्या वादळाने लेकीला घराबाहेर काढलं त्यालाच.

९ तारखेची रात्र आमच्या घरात कोणी झोपलं नाही. रतन टाटा गेल्याची बातमी आली, सगळ्या चॅनेलवर तेच, आणि ते बरोबरच होतं, पण फ्लोरिडाचं एक अक्षर कुठे नव्हतं. सहाच्या सुमारास सकाळी (तिकडे ९ ची रात्र) मिल्टन किनाऱ्याला लागलं, सिएस्टा की नावाच्या जागी, सारासोटाजवळ, म्हणजे टॅम्पाच्या दक्षिणेला, कॅटेगरी तीन होऊन. आता दक्षिणेला म्हणजे किती फरक बघा, केंद्र उत्तरेकडून गेलं असतं तर समुद्र खाडीत घुसला असता, दक्षिणेकडून गेलं म्हणून वाऱ्याने खाडीतलं पाणी बाहेर ढकललं, तळाचा चिखल उघडा पडला. हेलेनने भरली, मिल्टनने उपसली. पाऊस मात्र बेदम, सेंट पीटर्सबर्गला अठरा इंचांच्या वर, तिथल्या बेसबॉलच्या स्टेडियमचं छप्पर फाटलं. ताईच्या घराची कुंपणाची भिंत गेली, बाकी शाबूत.

आता बाकीच्यांचं पटकन. विंडी मला आवडतं, चार स्टार, दिसायला सुंदर, युरोपियन आणि अमेरिकन दोन्ही मॉडेल एका बोटावर बदलता येतात, नवरात्रात ग्राउंडवर चिखल होणार का ते बघायला आख्खं बडोदं तेच उघडतं. पण वादळासाठी त्यात दहा दिवस पुढे ढकलून बघायचं व्यसन लावून घेऊ नका, मी घेतलं होतं. मॉडेलच्या सकाळच्या रनमध्ये (नव्याने केलेल्या हिशेबात) ह्यूस्टनवर राक्षस, संध्याकाळच्या रनमध्ये गायब, आणि आपण मधल्या वेळात ह्यूस्टनच्या चुलतभावाला उगाच फोन करून बसलेलो. झूम अर्थ नुसतं ढग बघायला छान, आईला पण कळतं. ट्रॉपिकल टिडबिट्स म्हणून एक आहे, हौशी लोकांसाठी उत्तम, पण तिथे गेलात की तुम्ही आमच्यासारखे झालात समजा.

आणि व्हायचंच असेल तर मजा जूनपासून आहे, ट्रॉपिकल वेव्ह बघण्यात. ही समुद्राची लाट नव्हे, हवेतली. आफ्रिकेत पार इथिओपियाच्या डोंगरांच्या बाजूला हवेच्या प्रवाहाला बाक पडायला लागतो आणि तो पश्चिमेकडे सरकत सेनेगलच्या पुढे समुद्रात उतरतो, दर तीनचार दिवसांनी एक, वर्षाला साठेक. आपला नाही का बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचा पट्टा निघतो आणि मध्य प्रदेश ओलांडून आपल्या छपरावर येऊन रिकामा होतो, तसेच हे पूर्वेकडून पश्चिमेला. साठातले बहुतेक नुसते येऊन जातात, सहाराची धूळभरली कोरडी हवा त्यांना वाटेतच सुकवते किंवा वरचा वारा माथा कापतो, जून जुलैत तर बहुतेक वेळा असंच. पण जी अगदी मोठी हरिकेन होतात, कॅटेगरी तीन आणि त्याच्या वरची, त्यातली ८५ टक्के याच लाटांतून. एनएचसीच्या पृष्ठभागाच्या नकाशावर त्या नुसत्या उभ्या रेघा दिसतात, ट्रॉपिकल वेव्ह असं लिहिलेल्या. मी चहा घेता घेता मोजतो, आज तीन, आज चार. त्यातली एखादी अंगात आली की तिला इन्व्हेस्ट म्हणतात आणि नंबर देतात, ९० ते ९९, पुढे एल. शेजारचे काका, शेअरबाजारवाले, माझ्या फोनवर इन्व्हेस्ट ९४ एल वाचून म्हणाले, कोणती कंपनी आहे, घ्यायचा का. मी म्हटलं काका, पडलेलंच बरं.

अर्धा स्टार कापला तो कशासाठी, तर एक म्हणजे भाषा, इंग्रजी आणि स्पॅनिश, माझ्या आईला तिथे कोणी विचारत नाही, ते ठीक आहे त्यांचा काय दोष. दुसरं, आपल्या अरबी समुद्रासाठी ही साइट नाही, ते आपल्या आयएमडीचं, म्हणजे भारतीय हवामानखात्याचं काम, तिथे पण आता कोन काढतात, बघायला शिका, विश्वामित्रीच्या काठच्यांनी तर नक्कीच.

त्या पैसे घेणाऱ्या ॲपने यंदा परत चौदाशे नव्व्याण्णव कापले, ऑटो रिन्यू. मेल केलंय, उत्तर नाही.

आई आता फोनवर स्वतः उघडते. इंग्रजी वाचत नाही पण नकाशा कोरा की रंगीत ते कळतं. सकाळी साडेअकराला तो पाहिला की ताईला व्हॉइस मेसेज, आज कोरं आहे गं. गेल्या ३० नोव्हेंबरला मी तिला सांगितलं की आजपासून रोजचं ते बंद, सीझन संपला, आता १५ मेला परत सुरू होईल. ती वाल सोलत होती. म्हणाली, म्हणजे लोणच्याच्या कैऱ्या आणायच्या वेळेला.